लग्नाचं टायमिंग

घोडनदीत उन्हाळ्यात म्हशीचं पोट भिजत नाही, आणि आमचा कारखाना जहाजांची इंजिनं बनवायचा. शिरूरहून न्हावऱ्याकडे जाताना, रस्त्यापासून आत, बाभळींच्या मागे ती पत्र्याची लांबलचक शेड होती. मोठं जहाज हाकणारं इंजिन आमच्या आवाक्यातलं नव्हतं. मासेमारीच्या मोठ्या बोटी, बंदरात जहाजं ओढणाऱ्या टग बोटी, जहाजावर वीज तयार करायला ठेवतात ती मधल्या चणीची इंजिनं, हा आमचा माल. एसटीत शेजारी बसलेला एखादा आबा विचारायचा, "कुठं कामाला?" मी सांगितलं की तो पुढच्या बाकावरच्याला हाक मारायचा, "ऐकलं का, हे पावणं जहाज करत्यात! सोडणार कुठनं ओ, न्हावऱ्याच्या वढ्यातनं?" अख्खी एसटी हसायची. मीही हसायचो, दुसरं काय करणार.

आता वाटतं, हसणाऱ्यांचं काही चुकत नव्हतं. त्या कारखान्यात समुद्र पाहिलेला माणूस एकच होता, आमचा साहेब, आणि त्यानंही तो हॉटेलच्या खिडकीतून पाहिला होता. साहेब पुण्याहून रोज गाडीनं यायचा. समोर आम्ही त्याला अहो-जाहो करायचो. इथे एकेरी लिहितोय, कारण आता त्याच्या सहीवाचून माझं काही अडत नाही. त्याचा लाडका शब्द होता 'एफिशिअन्सी'. चहा निम्मा कप केला, एफिशिअन्सी. संडासातला एक बल्ब काढला, एफिशिअन्सी. इंजिनाची एफिशिअन्सी वाढवायची आणि धूर कमी करायचा, असा मोठा फलक त्यानं शेडच्या दारावर लावला होता. धुरानं तो फलक वर्षभरात वाचता येईना, तेव्हा त्यानं नवा लावला.

मी खुटबावचा, कारखान्यात ड्रॉइंगं काढायच्या कामाला. दौंड तालुक्यातून रोजची ये-जा झेपेना म्हणून आत्याकडे राहायला आलो. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण, न्हावऱ्याच्या अलीकडे दिलेली. यजमान लवकर गेले, मूलबाळ नाही. वाटणीत तिच्याकडे एकच तुकडा आला, आणि तो नेमका आमच्या टेस्टिंग शेडच्या भिंतीला लागून. आजूबाजूला दिराचा ऊस. मधोमध आत्याची पांढरी शेवंती. दसऱ्याच्या आधी तोडा सुरू व्हायचा तो दिवाळी उलटेपर्यंत. पहाटे ती पाटी भरून बांधावर ठेवायची, टेम्पोवाला उचलायचा, पुण्याच्या बाजारात आत्याच्या फुलांना अडत्या हात लावून चांगल्या गिऱ्हाइकासाठी बाजूला ठेवायचा, कारण तशी पांढरी शुभ्र फुलं फार जणांकडे नसायची. त्या तुकड्यावर आत्याची वेगळी चूल होती. तिला कोणाला विचारून चहात साखर टाकावी लागत नव्हती.

दिराला ते खुपायचं. दीर वाईट बोलणारा नव्हता, गोड बोलणारा होता, आणि ते जास्त वाईट. ओसरीवर टेकून म्हणायचा, "वैनी, फुलं म्हंजी नखऱ्याचं पीक. एक हंगाम बसला की संपलं. तवा औंदा फुलं गेली न्हाईत, तर ऊस लावीन म्या तुकड्यात. आन् मंग येगळी चूल तरी कशाला? आमच्यातच जेवायला या." आत्या म्हणायची, "फुलं न गेल्याली तू बघितलीत कवा?" पण दीर गेला की भांडी जरा जोरात आपटायची. त्याच्या घरी जेवायला जायचं म्हणजे काय, ते तिला ठाऊक होतं. जाऊबाईच्या हाताखाली भाकऱ्या थापायच्या आणि आपल्याच मातीतल्या उसाच्या गुळाचा चहा मागून घ्यायचा.

आता थोडं इंजिनाबद्दल, नाहीतर पुढचं कळायचं नाही. त्या सुमाराला जहाजांच्या धुरावर जगभर नवे नियम येऊ घातले होते. आम्ही करायचो तसल्या इंजिनासाठी त्या नियमांचा सगळा डोळा एका वायूवर होता. सिलिंडरमधली आग फार तापली की हवेतल्याच नायट्रोजनपासून तो तयार होतो. डोळ्यांना दिसत नाही, पण छातीला वाईट आणि पावसाच्या पाण्यालाही वाईट. आमच्या प्रमाणपत्रात मोजायचा होता तो हा वायू. काळ्या धुराबद्दल त्यात एक ओळ नव्हती.

हा वायू कमी करायचा एक रस्ता सोपा होता. डिझेल सिलिंडरमध्ये अंमळ उशिरा फवारायचं. आग कमी तापते, वायू घटतो. पण उशिरा आलेलं डिझेल धड जळत नाही, त्याची काजळी होऊन चिमणीतून बाहेर पडते, आणि तेवढ्याच कामाला डिझेलही जास्त लागतं. म्हणजे कागदावर इंजिन स्वच्छ होतं तेव्हाच ते डोळ्यांदेखत घाण होतं. दुसरा रस्ता कष्टाचा. नोझलची भोकं बारीक करायची, फवाऱ्याचा दाब वाढवायचा, आत जाणारी हवा आधी गार करून घ्यायची. त्यानं वायू घटतो आणि काजळीही घटते. साहेबानं कोणता रस्ता धरला हे सांगायला नको.

परदेशातून तपासायला माणूस येणार असला की एक इंजिन निवडलं जायचं. घासूनपुसून, नवा रंग देऊन, शेडच्या मधोमध उभं केलेलं. शेडमध्ये त्याला सगळे नवरदेव म्हणायचे. रंगाच्या आदल्या दिवशी त्याला डिझेलनं धुवायचे, ती त्याची हळद. डिझेल उशिरा सोडायच्या सेटिंगला आमच्यात नाव पडलं होतं 'लग्नाचं टायमिंग'. प्रमाणपत्र हातात पडलं की इंजिन परत जुन्या सेटिंगवर आणून गिऱ्हाइकाकडे धाडायचं, म्हणजे डिझेल जास्त लागतं म्हणून ते बोंबलत नाही. ते 'नांदायचं टायमिंग'. आमचा एक जुना फिटर पाना पुसत म्हणायचा, "मांडवात समदेच गुणाचे असत्यात. कळतं ते नांदाया लागल्यावं." साहेबाच्याही कानावर ही नावं गेली होती. त्याला ती आवडली. मीटिंगमध्ये तोही म्हणायचा, "लग्नाच्या टायमिंगला घ्या रे इंजिन," आणि स्वतःच हसायचा. लाज नावाची वस्तू त्याच्या स्टोअरमध्ये कधी आलीच नव्हती.

ज्या वर्षाचं मी सांगतोय त्या वर्षी तपासणी दसऱ्याच्या तोंडावर आली. पावसाळा सरता सरता नवरदेव लग्नाच्या टायमिंगवर चालू झाला, तो दिवसभर, रोज, आकडे जुळेपर्यंत. चिमणी शेडच्या मागच्या भिंतीला. मागच्या भिंतीपलीकडे शेवंती.

पहिल्या तोड्याची पाटी पुण्याहून परत आली. मी कामावरून आलो तेव्हा आत्या ती पुढ्यात घेऊन ओट्यावर बसली होती. प्रत्येक फुलाच्या पाकळ्यांवर बारीक काळे ठिपके, जणू कोणी तव्याची काजळी चिमटीनं भुरभुरवलीय. तिनं एक फूल पाण्यात बुडवून दाखवलं. ठिपके निघाले नाहीत, पसरले.

"तुमचा कारखाना धूर कमी करतोय म्हनं," ती म्हणाली.

"व्हय आत्या."

"मंग ह्यो काय हाय?"

"ह्यो मोजत न्हाईत."

"म्हंजी दिसतोय त्यो मोजायचा न्हाई आन् दिसत न्हाई त्यो मोजायचा? बरं बाबा." मग फूल पाटीत टाकत म्हणाली, "माझी येगळी चूल जाणार रं ह्यात."

मला राग साहेबाचा आला, आणि त्या फलकाचा.

साहेब ट्रेनिंगसाठी पुण्यातच अडकला होता त्या आठवड्यात. मी आणि टूलरूममधल्या दोघांनी बारीक भोकांच्या नोझलचा संच तयार केला. त्याचं ड्रॉइंग मी आधीच करून साहेबाच्या टेबलावर ठेवलेलं होतं. त्यावर तो चहाचा कप ठेवायचा. संच नवरदेवाला बसवला, दाब वाढवला, हवा गार करणारी जाळी मोठी लावली. इंजिन सुरू झालं आणि आम्ही बाहेर पळालो चिमणी बघायला. चिमणीच्या तोंडाशी हवा नुसती थरथरत होती. धूर असा नाहीच. आत आलो तर तो न दिसणारा वायूही हद्दीच्या आत. तो जुना फिटर चिमणीकडे बघत म्हणाला, "च्यायला, ह्ये तर नांदाया पण चालंल."

संध्याकाळी आत्या दारातच उभी. "आज इंजन नुसतंच वरडत व्हतं. धूर कुठं ठिवला?" मी सांगितलं. तिनं माझ्या ताटात तुपाची वाटी उपडी केली. त्या आठवड्यातल्या कळ्या स्वच्छ उमलल्या. एक पाटी पुण्याला गेली आणि परत आली नाही. दिराचं ओसरीवर टेकणं बंद झालं. मला वाटलं, सुटलो.

साहेब परत आला. त्यानं चिमणी पाहिली, आकडे पाहिले, आणि त्याच्या चेहऱ्यावर जी काळजी उमटली तशी मी काळ्या धुराच्या दिवसांतही पाहिली नव्हती.

"हे नियमात मागितलंय का?" त्यानं विचारलं.

"नाही साहेब. पण धूर गेला, आणि डिझेलही कमी लागतंय."

"मागितलंय का, एवढंच विचारलं मी."

"नाही."

"मग काढा. अहो, एफिशिअन्सी म्हणजे काय? मागितलंय तेवढंच देणं. उद्या हे नोझल दर इंजिनाला द्यायला लागेल, त्याचं काय?"

मी शेजारच्या शेतातल्या फुलांबद्दल बोललो. त्यानं खिडकीतून भिंतीकडे पाहिलं. तिथे शेत आहे हे त्याला तेव्हा पहिल्यांदा कळलं असावं. "तुमच्या नातेवाईक आहेत ना? मग समजावून सांगा त्यांना," म्हणाला. नोझलचा संच मात्र त्यानं फेकला नाही. रिसेप्शनच्या काचेच्या कपाटात मखमलीवर ठेवला, पाहुण्यांना दाखवायला, की आमचं संशोधन कसं पुढारलेलं आहे. नवरदेव परत लग्नाच्या टायमिंगवर गेला. दुसऱ्या दिवशी शेवंती परत काळी.

तपासणीच्या दिवशी सकाळी गडबड उडाली. पाहुण्यासाठी पुण्याहून हार यायचा होता, तो आणणारी गाडी बंद पडली. दसऱ्याची गर्दी, शिरूरमध्ये हारवाल्यांकडे झेंडूशिवाय काही नाही, आणि साहेबाला हवा पांढरा, कारण पांढरा म्हणजे स्वच्छ, स्वच्छ म्हणजे आपलं इंजिन. शिपायाला पिटाळलं. शिपाई उत्तरेकडचा, आमच्याकडे नवा. तो गेटाबाहेर पडून शेडच्या मागे वळला आणि त्याला समोरच पांढरं शेत दिसलं. बांधावरून ओरडला, "मौसी, माला चाहिए, साब के मेहमान के लिए!" आत्यानं विचारलं, "कारखान्याच्या पावण्याला?" तो म्हणाला, हां. तिनं लगेच सुई-दोरा काढला, टपोरी फुलं निवडून दाट हार ओवला आणि टवटवीत राहावा म्हणून वरून पाणी शिंपडून दिला. हे सगळं मला शिपायानंच नंतर सांगितलं. लांबून फुलं पांढरीच दिसत होती, आणि शिपायाच्या मते फूल म्हणजे फूल.

मी नवरदेवाजवळ उभा होतो. पाहुणा आला, उंच, गोरा, पांढऱ्या शर्टातला. साहेबानं झोकात त्याच्या गळ्यात हार घातला. टाळ्या झाल्या. फोटो झाला. मग पाहुणा आकडे बघायला वाकला, आणि मला त्याच्या कॉलरवरून एक काळा ओघळ हळूहळू खाली उतरताना दिसला. पाण्यानं काजळी सुटली होती. ओघळाला दुसरा मिळाला. पाहुण्यानं गळ्याला हात लावला, बोटं पाहिली. हार उचलून डोळ्यांजवळ नेला. एकेका पाकळीवर काळे ठिपके.

मी मनात म्हणालो, विचार. आता विचार की ही काजळी कुठनं आली. मागचं दार उघडंच होतं. चार पावलं टाकली असती तर चिमणी दिसली असती.

त्यानं विचारलंही. साहेबाचा चेहरा क्षणभर कोरा झाला. मग त्यावर असं हसू उमटलं की त्या माणसाच्या निर्लज्जपणाला तोड नाही हे मी त्या दिवशी कबूल केलं. तो इंग्रजीत म्हणाला, की ही आमच्याकडची फार जुनी रीत आहे. शुभकार्यात नवरदेवाला दृष्ट लागू नये म्हणून काजळाची तीट लावतात. आजचा मान तुमचा आहे, म्हणून तुमच्या हाराच्या प्रत्येक फुलाला आमच्या बायकांनी हातानं तीट लावली आहे.

पाहुणा विरघळला. प्रत्येक फुलाला? हातानं? त्यानं हार गळ्यातून काढलाच नाही. कॉलरवरच्या ओघळासकट आणखी फोटो काढून घेतला आणि कागदावर सही केली, की या इंजिनाचा धूर हद्दीत आहे. जुना फिटर माझ्या कानाशी लागला, "घ्या. लागलं एकदाचं लगीन." मला हसू आलं नाही. मला त्या दोघांचीही किळस आली, सांगणाऱ्याची आणि ऐकून घेणाऱ्याची.

चार दिवसांनी साहेब स्वतः आत्याच्या बांधावर आला. मोठं मन करून. "मावशी, तुमचा हार फार आवडला पाहुण्यांना," म्हणाला. आत्या खुरपं घेऊन उभी राहिली. तो पुढे म्हणाला, "पण मी काय म्हणतो, तुम्ही पांढरंच का लावता? ज्याच्यावर काळं दिसत नाही असं काहीतरी लावा ना. वांगी लावा."

आत्या म्हणाली, "आन् तुमच्या तोंडाला काय लावू?"

साहेबाला ते कळलं नाही. त्याला वाटलं मावशी सल्ला विचारतेय. हसून गेला. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, तशातली गत.

सही झाली तरी पुढचा नवरदेव लगेच लग्नाच्या टायमिंगवर चालू झाला, आणि दिवाळीपर्यंत एकही पाटी धड गेली नाही. अडत्यानं निरोप धाडला की माल पाठवू नका. दिरानं शब्द पाळला. असल्या बाबतीत माणसं शब्दाला फार जागतात. शेवंती उपटून बांधावर टाकली आणि सऱ्या पाडल्या. आत्याची चूल त्याच्या घरात मिळाली. उसाच्या पानांवरही काजळी बसायचीच, पण ऊस कोणी गळ्यात घालत नाही, त्यामुळे त्याला कोणी परत पाठवला नाही. मी न्हावऱ्यात खोली घेतली. आत्याकडे जायचो तेव्हा जाऊबाई चहा आणायच्या. आत्या मला तुपाचं विचारायची नाही, कारण तूप तिच्या हातात नव्हतं.

पुढच्या वर्षी तोच पाहुणा परत यायचा ठरला, दुसऱ्या इंजिनासाठी. त्यानं आधी कळवलं होतं, की त्याच्या बायकोला तो फोटो फार आवडला, या वेळी तीही येतेय आणि तिलाही तसलाच हार हवाय. साहेबाची धांदल उडाली. एव्हाना ती गोष्ट त्यानं इतक्या लोकांना सांगितली होती, की त्यात भर पडत पडत तिचं वेगळंच काही झालं होतं. त्यानं मला केबिनमध्ये बोलावलं आणि अगदी साधेपणानं विचारलं, "अहो, तुमच्या त्या आत्या, त्यांच्याकडे ती ठिपक्यांची शेवंती होती ना? ती इथली जात आहे का? कुठे मिळेल का पाहा."

तो थट्टा करत नव्हता.

त्या संध्याकाळी मी दिराच्या घरी गेलो. आत्या जाऊबाईच्या स्वयंपाकघरात कांदा चिरत होती. मी तिला सगळं सांगितलं, साहेबाच्या आवाजात, हातवारे करून. मला वाटलं, हसेल. निदान शिव्या तरी देईल. ती विळीवरचा हात थांबवून ऐकत राहिली.

"ठिपक्याची जात," ती म्हणाली. "असं म्हनला त्यो?"

"व्हय."

तिनं पदरानं डोळे पुसले, कांद्याचे म्हणा हवं तर. "पांढरी व्हती रं माझी शेवंती," ती म्हणाली. "एवढं तरी सांग त्याला. पांढरी व्हती ती."

दुसऱ्या दिवशी मी सांगितलं. केबिनच्या दारात उभा राहून, तिच्याच शब्दांत सांगितलं, की साहेब, ती पांढरी होती.

"असं होय?" साहेब म्हणाला. क्षणभर विचार केला आणि शिपायाला हाक मारली. "पुण्याहून पांढरी शेवंती मागवा. आणि येताना काजळाच्या दोन डब्या."